सहा आठवड्यांचं श्रेय

मनगटाचं मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये साधारण सहा आठवड्यांत जुळतं. या काळात तुम्ही जे काही कराल त्याला श्रेय मिळतं. हळदीचं दूध, नवस, रेकी, काहीही.

माझी आजी ७४ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात महालातल्या घराच्या अंगणात घसरली आणि हातावर पडली. या फ्रॅक्चरचं वर्णन डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलीस यांनी १८१४ सालीच केलं होतं, एक्स-रे यायच्या कितीतरी आधी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं विरळ होत जातात, आणि पडताना माणूस हात पुढे टाकतोच.

आजी प्लास्टर घालून आली तशा गल्लीतल्या एक काकू रोज संध्याकाळी रेकी द्यायला येऊ लागल्या. प्लास्टरच्या चार बोटं वर हात धरून अर्धा तास बसायच्या. पैसे घेत नसत. "बरं वाटून राहिलं रे," आजी म्हणायची. सातव्या आठवड्यात एक्स-रे चांगला आला आणि गल्लीत काकूंचं नाव झालं.

मी मिहानमध्ये कोड लिहितो. आमच्याकडे बटणाचा रंग बदलायचा तरी अर्ध्या लोकांना जुनंच बटण दाखवतात, म्हणजे तुलना करता येते. आजीच्या मनगटाला तुलनाच नव्हती. (दुसरं मनगट शाबूत आहे, आणि ते तसंच राहो.)

पण ऊर्जा तपासता येते. अमेरिकेतल्या एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने ती शाळेच्या प्रोजेक्टसाठी तपासली. पुठ्ठ्याच्या पडद्याआड उपचारकांचे दोन्ही हात. त्यातल्या एकावर ती आपला हात धरायची आणि विचारायची, कोणता? २१ जणांची उत्तरं ४४ टक्के वेळा बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. १९९८ मध्ये हे 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे जयंत नारळीकरांनी पुण्यातून ज्योतिषांची अशीच चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून दिल्या. २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के.

आणि हे फक्त रेकीवाल्यांचं नाही. हाड जुळवायला अल्ट्रासाउंडचं यंत्र मिळतं, अमेरिकेत १९९४ पासून मंजूर. नडगीचं हाड मोडलेल्या ५०१ लोकांवर त्याची चाचणी झाली. काहींना खरं यंत्र, काहींना हुबेहूब दिसणारं पण बंद. २०१६ मध्ये निकाल आला: फरक नाही. त्यात सगळे आजीच्या वयाचे नव्हते, हे खरं. पण मंजुरी आणि निकाल यांत बावीस वर्षं गेली.

काकूंशी माझं भांडण नाही. तो अर्धा तास आजीजवळ दुसरं कोणी बसत नव्हतं. मीही नाही, मी ऑफिसात असायचो. घोळ नंतर झाला. डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करायला सांगितली होती. आजी म्हणाली, "हाड तं जुळलं ना, आता कायले?" पण या वयात मनगट मोडलेल्या बाईला पुढे खुब्याचं हाड मोडायचा धोका जास्त असतो. आणि खुबा मोडला की कितीतरी म्हाताऱ्या बायका पुन्हा आपल्या पायांवर हिंडत नाहीत. त्यावर औषधं आहेत, पण तपासणी तर व्हायला हवी.

दोन महिने वाद चालला. शेवटी धंतोलीत शनिवारची वेळ घेतली. आजीची अट एकच, काकूंचीही तपासणी करायची. त्याही पासष्टच्या आहेत.