आठ आवाजांची बेरीज



2020 साली लॉकडाऊनमुळे शाळेचे स्नेहसंमेलन होऊ शकले नाही. तेव्हा आठ मुलांनी घरूनच, कानात पेटीचे सूर ऐकत, मोबाइलवर प्रार्थना म्हणून पाठवावी आणि शाळेने ती एकत्र करावी, असे आम्ही ठरवले. आमच्या संगणकाच्या सरांचा जावामध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम होता. आवाज मिसळणे म्हणजे शेवटी बेरीजच. आमची बी.एस्सी. हिंदी माध्यमातली, ‘योगफल’ हा शब्द अजून आधी ओठांवर येतो. बेरजेला आम्ही काय भिणार!

पहिल्यांदा ऐकले तर नुसती कडकड. मुले जिथे मोठ्याने गात होती, नेमकी तिथेच.

सरांनी कागद घेऊन समजावले. संगणकात आवाज म्हणजे एका सेकंदाला 44,100 आकडे. सोळा बिटांच्या जागेत प्रत्येक आकडा उणे 32,768 ते अधिक 32,767 एवढाच मावतो. दोन मुलांचे 20,000 आणि 20,000 मिळवले की 40,000 व्हायला हवेत, पण त्या जागेत उमटतात उणे 25,536. जुन्या स्कूटरचा मीटर 99,999 नंतर शून्यावर येतो, तसलाच प्रकार. आवाजाची लाट शिखरावरून एकदम तळाला आदळते, तीच कडकड.

मग सरांनी बेरीज 32,767 वर अडवून पाहिली. कडकड गेली, पण लाटांचे माथे छाटले गेले आणि मुले पत्र्याच्या डब्यात बसून गात आहेतसे वाटू लागले. शेवटी तोडगा आम्हीच सुचवला: आठ आवाज आहेत ना, प्रत्येकाला आठाने भागा. बेरीज कधीच बाहेर जाणार नाही, आणि सगळ्यांना सारखा न्याय! रेकॉर्डिंग स्वच्छ झाले. आम्ही खुशीत ते पालकांना पाठवले.

संध्याकाळी एका आजींचा फोन आला. “सर, आमच्या नातीला काढून टाकलंत का हो?”

काढले नव्हते. मधल्या दोन ओळी ती एकटीच गात होती. तिचा 16,000 चा आकडा भागाकारानंतर 2,000 उरला होता; बाकीचे सात तेव्हा गप्प होते, तरी त्यांचा वाटा आम्ही राखून ठेवला होता. आजींना काय सांगावे, सुचेना.

रात्री पुन्हा बसलो. या वेळी बेरीज बत्तीस बिटांच्या मोठ्या जागेत केली, तिथे दोन अब्जांपर्यंतचे आकडे मावतात. आठही आवाज एकाच क्षणी शिखरावर जात नाहीत, त्यामुळे सर्वांत मोठी बेरीज निघाली 51,200, आठपट मुळीच नव्हे. मग संपूर्ण बेरजेला 0.62 ने गुणले आणि शेवटी सोळा बिटांत उतरवले. आजींच्या नातीचे झाले 9,920. (हे जमते ते रेकॉर्डिंग हातात असते म्हणून. थेट प्रसारणात पुढचे शिखर आधी कळत नाही. तिथे आवाज वाढला की आपोआप दाबणारा लिमिटर लागतो.)

दुसऱ्या दिवशी आजींचा पुन्हा फोन. “आता छान ऐकू येतेय. पण सर, मागे आमच्या कुकरची शिटी पण वाजतेय. ती काढता येईल?”

शिटी तिच्या आवाजाच्याच आकड्यांत मिसळलेली होती. आम्ही ती राहू दिली.