कागद दोघांच्या भल्याचा

आम्ही पिंपरीला नवे होतो तेव्हा भाड्याच्या खोलीत राहिलो. करार नव्हता, अनामतीची पावतीही नव्हती. एका संध्याकाळी कामावरून आलो, तर भांडीकुंडी दाराबाहेर! अनामत बुडाली ती बुडालीच.

आज चाकणला आमची एक जादा खोली आहे. कंत्राटावर आलेली मुले तीन-चार महिन्यांसाठी मागतात. परवा एक जण म्हणाला, "मावशी, एवढ्या दिवसांसाठी कागद कशाला?" आम्हाला आमची भांडी आठवली.

बंधू-भगिनींनो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंद नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते.

आम्ही करार नोंदवला, पोलीस ठाण्यात माहिती दिली, अनामतीची पावती केली, दाराला आतून नवी कडी बसवली. एक प्रत त्या मुलाच्या हातात ठेवून म्हटले, "जपून ठेव बाळा. उद्या आम्हीच चुकलो, तर हीच दाखव."