उघडी पापणी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर उत्तरायणाच्या दिवसांत जे वारे सुटते, ते पतंगांना जितके हवेसे तितकेच म्हाताऱ्या माणसांना नकोसे असते. २०११ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चूळ भरली आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी तिच्या पदरावर ओघळले. चहाचेही तसेच झाले. आरशात पाहून ती एवढेच म्हणाली, "अर्धं तोंड अजून झोपलंय वाटतं." शेजारच्या मासींनी गच्चीवरच्या वाऱ्यावर ठपका ठेवला. नात्यातल्या एका वैद्यांनी संहितांमधला 'अर्दित' हा शब्द काढला. माझ्या मनात मात्र अर्धांगवायूखेरीज दुसरे काही नव्हते.

डॉक्टरांनी तिला कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डावीकडे आठ्या उमटल्या. उजवे कपाळ तिच्या लग्नातल्या छायाचित्रातल्यासारखे नितळ राहिले. तेव्हा ते निश्चिंत झाले. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे मेंदूतल्या झटक्यात ते बहुधा वाचते. इथे कपाळासकट सगळी बाजू गेली होती, म्हणजे बिघाड मेंदूत नसून कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्याकडे येणाऱ्या मज्जातंतूत होता. १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स बेल या शल्यवैद्याने याच मज्जातंतूविषयी निबंध वाचला होता आणि हा आजार आजही त्याचेच नाव वागवतो. स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टर म्हणाले की चेहरा बहुतेक परत येईल, घाबरू नका. सांभाळायचा आहे तो डोळा, आणि तो आजपासून.

डोळा? मला वाटले होते की डोळ्याला काही झालेलेच नाही. तो तर टक्क उघडा होता, नेहमीपेक्षा मोठा दिसत होता. पापणी उचलणारा मज्जातंतू वेगळा आणि मिटवणारा वेगळा, हे मला त्या दिवशी कळले. दार उघडणारा गडी जागेवर होता. लावणारा निघून गेला होता. डोळे मिटणे म्हणजे काही न करणे, विश्रांती, अशी आपली समजूत असते. वास्तविक ते एक काम आहे आणि मिनिटाला पंधराएक वेळा आपण ते नकळत करतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत. अश्रूंच्या पातळ थरातून झिरपणाऱ्या हवेवर तो जगतो. पापणी तो थर पुन्हा पुन्हा सारवते. सारवणे थांबले की पडदा सुकतो, त्यावर ओरखडे उठतात, जखम होते, आणि जखमेच्या जागी पांढरे पडते. दमयंतीने स्वयंवरात देवांना ओळखले ते त्यांच्या न लवणाऱ्या पापण्यांवरून. देवांचे ठीक आहे. बडोद्याच्या धुळीत माणसाला अनिमिष राहणे परवडत नाही.

दिवसा दर तासाला अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी मिटवून वर कागदी चिकटपट्टी. पहिल्या रात्री मी बोटाने तिची पापणी खाली ओढली तेव्हा ती हसली, म्हणजे अर्धी हसली. "असे डोळे मेलेल्या माणसाचे मिटवतात. आत्तापासून सराव करतोयस का?" माझा हात थरथरला. बाबांचे डोळे मीच मिटवले होते. शिवाय ती डोळा मिटण्याचा प्रयत्न करी तेव्हा बुबुळ वर सरकून नुसते पांढरे उरे. ते पाहवत नसे. हे सुलक्षण आहे, पापणी आली नाही तरी बुबुळ आडोशाला जाते, हे मला मागाहून समजले.

तिसऱ्या रात्री मी आगाऊपणा केला. नुसती चिकटपट्टी मला फार उघडीवाघडी वाटली. ऊब राहावी म्हणून मी तिच्याखाली कापसाची एक मऊ घडी ठेवली. सकाळी पट्टी काढली तेव्हा डोळा लालभडक होता. रात्री कधीतरी पापणी घडीखाली उघडली होती आणि कापूस थेट बुबुळावर घासत राहिला होता. नेत्रतज्ज्ञांनी नारिंगी रंग घालून निळा प्रकाश टाकला. बुबुळावर एक हिरवी रेघ चमकली. त्यांनी मला रागावले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. मलम खालच्या पापणीच्या खोबणीत घालायचे, मग त्वचा कोरडी पुसायची, नाही तर पट्टी धरत नाही. खाली पाहायला सांगून वरची पापणी हलकेच आणायची, आणि दोन्ही कडा जुळल्याची खात्री करूनच पट्टी लावायची. घडी नाही.

त्यांच्या बाहेरच्या बाकावर एक खानदेशी गृहस्थ भेटले. कुष्ठरोग कधीच बरा झालेला, खुणा राहिलेल्या. ते मधूनमधून दात आवळत आणि त्यांचे डोळे मिटत. कानशिलाच्या चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापण्यांपर्यंत आणून शस्त्रक्रियेने जोडली होती. "चावलं की मिटतं, माई," ते आईला म्हणाले. "पण आठवणीनं चावावं लागतं. मला डोळ्यात खडा गेलेलाही कळत नाही." त्यांच्या आजाराने मिटण्याची शक्ती नेली होती आणि दुखण्याचीही. आई परतताना रिक्षात बराच वेळ गप्प होती.

महिनाभर काही हालले नाही. नाहीच आला डोळा तर वरच्या पापणीत ग्रॅमभर सोने शिवतात, त्याच्या वजनाने ती खाली येते, असे तज्ज्ञांनी सांगितले. आई म्हणाली, "कानातलं विकून तुझी फी भरली. आता डोळ्यात घालायला कुठलं आणू?" फाल्गुनात ओठाचा कोपरा हलला, आणि गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला खाताना तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले. कडू लागल्याने. मी तो पाला दुसऱ्यांदा खायला लावला.

जखम भरली, पण रेघ राहिली. पोथी वाचताना ती मान किंचित डावीकडे वळवू लागली. उजव्या अंगाला धुके आहे, म्हणे. कापसाच्या घडीचे मी तिला कधी सांगितले नव्हते. तज्ज्ञांशीही मी हळू आवाजात बोललो होतो. आषाढातल्या एका संध्याकाळी दिवे गेले होते, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "त्या रात्री टोचत होतं रे. खूप टोचत होतं."

"मग उठवलं का नाहीस?"

"तीन रात्री जागला होतास. नुकताच डोळा लागला होता तुझा."