न घडलेल्या पियानोचे वादक

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या वाद्यांची जी यादी १७०० साली झाली, तिच्यात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने घडवलेल्या, हळूही वाजणाऱ्या आणि मोठ्यानेही वाजणाऱ्या एका नव्या वाद्याची नोंद आहे. ते वाद्य घडलेच नसते तर पुढच्या पियानोवादकांची बोटे कुठे गेली असती, हा प्रश्न निरुपयोगी असला तरी पिच्छा सोडत नाही.

लिस्ट बहुधा ऑर्गनकडे गेला असता, कारण त्याला गडगडाटाची हौस होती आणि ऑर्गनसाठी त्याने पुढे खरोखरच भारदस्त रचना केल्या. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या दांड्याचे टोक तार छेडते आणि पट्टी कितीही जोराने दाबली तरी नाद जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे शोपँची तिथे घुसमट झाली असती. त्याला शोभले असते ते क्लॅव्हिकॉर्ड. या पेटीवजा वाद्यात पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेची पातळ पात असते, ती तारेवर आदळते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तारेला टेकूनच राहते. म्हणून बोट जरा डोलवले की गायकाच्या आंदोलनासारखी थरथर स्वरात उतरते, जी पियानोला कधीच साधली नाही. आवाज मात्र इतका नाजूक की खोलीत दोघे बोलू लागले तरी तो हरवावा. फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारी वादक असलेल्या कार्ल फिलिप एमान्युएल बाखने १७५३ च्या ग्रंथात वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते असे मत मांडले. त्या दरबारात गॉटफ्रीड झिल्बरमानचे पियानो आले होते, तरीही बाखचा जीव त्याच झिल्बरमानने बनवलेल्या क्लॅव्हिकॉर्डवर जडला होता आणि १७८१ मध्ये ते दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्याने निरोपाची एक रचना केली. सभागृहापेक्षा दिवाणखाना पसंत करणाऱ्या शोपँला हे वाद्य मानवले असते, फक्त तिकिटे विकली गेली नसती.

बेथोवेन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होताच, पण तो त्या घोळक्यात फार काळ टिकला असता हे पटत नाही. पट्ट्यांवाचूनही वाट होतीच: पांटालेओन हेबेनश्ट्राइट दीडशेहून अधिक तारांच्या प्रचंड डल्सिमरवर, म्हणजे संतूरच्या युरोपीय भावंडावर, हातातल्या हातोड्यांनी वाजवत असे. त्यात नाद थांबवण्याची सोय नसल्याने स्वर एकमेकांत मिसळत राहत, आणि हा दोष देब्युसीने गुण म्हणून आनंदाने पत्करला असता.