दुसऱ्याच्या हातची अक्षरे

जळगावात साहित्याविषयी बोलणे निघाले की ते बहिणाबाई चौधरींपाशी येतेच, आणि ते स्वाभाविकही आहे. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. पण शेतात राबता राबता, जात्याशी बसल्या बसल्या त्या गाणी रचत राहिल्या. २०१८ साली येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षरओळख नव्हती तिचे नाव आज आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर असते.

आमचा मुलगा चौथीत आहे. त्याला वाचता येत नाही हे जसजसे लोकांना कळत गेले, तसतसे हेच नाव सांत्वन म्हणून आमच्यापुढे ठेवले जाऊ लागले. "बहिणाबाईंना तरी कुठे वाचता येत होते?" असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. शिवाय मुलगा चिखलाचे बैल असे घडवतो की त्यांच्या मानेचा ताण दिसावा. गोष्ट सांगू लागला की मोठी माणसे हातातले काम थांबवतात. तरीही या सांत्वनाचा आम्ही जेवढा विचार केला तेवढे ते आम्हांला अपुरे वाटत गेले.

पहिले कारण साधे आहे. बहिणाबाईंना कोणी शिकवलेच नव्हते. आमच्या मुलाला रोज शिकवले जाते आणि रोज ते निसटते. संधीच न मिळणे आणि संधी मिळूनही अक्षर हाती न लागणे, ही दोन वेगळी दुःखे आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत आली ती सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती वेळोवेळी लिहून ठेवली म्हणून. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. लिहिणारा हात शेजारी नसता तर ही कविता आसोद्याच्या वाऱ्यावर विरली असती. खानदेशातल्या किती जणींची विरली, याचा हिशेब कोणाजवळ आहे? म्हणून या चरित्रातून 'अक्षरांवाचून अडत नाही' असा अर्थ काढणे आम्हांला पटत नाही. प्रतिभा अक्षरांआधीची असू शकते, पण तिला टिकायला अक्षरे लागतात, मग ती स्वतःची असोत वा दुसऱ्याच्या हातची.

२००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला, हे त्याचे मोठेच ऋण. पण त्यातला मुलगा शेवटी चित्रस्पर्धा जिंकतो. जो काहीच जिंकत नाही, ज्याला चित्रही काढता येत नाही, त्याचे काय? मदतीचा हक्क प्रतिभेच्या बदल्यात मिळायचा नसतो. आमच्या मुलाचे बैल सुंदर नसते तरी त्याची अडचण तेवढीच खरी असती.

ही अडचण जवळून पाहताना आम्हांला, आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्यांना, आपली लिपी नव्याने दिसू लागली. 'किरण' म्हणताना आधी 'क' ऐकू येतो, पण कागदावर त्याच्या अलीकडे वेलांटी उभी असते. 'कवी' दीर्घ, 'कविता' ऱ्हस्व. एकटा 'र' 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'पुऱ्या' या चार शब्दांत चार वेष धारण करतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत फरक केवढासा! ज्याला वाचता येते त्याला हे दिसतही नाही. ज्याला येत नाही त्याला दुसरे काही दिसत नाही.

त्यात बोलीची भर. सुट्ट्यांत तो धुळ्याला आजीजवळ असतो आणि तिची अहिराणी त्याच्या तोंडी बसली आहे. पुस्तकातले 'आहे' तो कित्येकदा 'शे' असे वाचतो. शाळेत ही चूक धरली गेली. आमच्या मते 'घर' ऐवजी 'धर' वाचणे ही अडखळ आहे, परंतु 'आहे' ऐवजी 'शे' म्हणणारे मूल अर्थापर्यंत पोहोचलेले असते. दोहोंवर एकच लाल फुली मारणे म्हणजे कुठे मदत हवी हेच न पाहणे.

आता आम्ही दोन गोष्टी शेजारी शेजारी करतो. एका तज्ज्ञ शिक्षिकेने सांगितल्याप्रमाणे रोज वीस मिनिटे ध्वनी सुटे करून जोडणे, रव्यात बोटाने अक्षर गिरवणे, एका वेळी एकच मात्रा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. दुसरे, तो गोष्ट सांगतो आणि आम्ही ती त्याच्याच शब्दांत, 'शे'सकट, वहीत उतरवतो; मग तीच तो वाचतो. स्वतःचे वाक्य पुढे काय वळण घेणार हे ठाऊक असल्याने तो अक्षरांना कमी घाबरतो. त्यातला किती भाग वाचन आणि किती आठवण, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे, म्हणून वहीतले शब्द आम्ही सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट क्रमाने पुढे ठेवतो. गेल्या महिन्यात अशा चाळीस चिठ्ठ्यांपैकी एकवीस त्याने ओळखल्या. दिवाळीत सहा ओळखल्या होत्या.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण आपल्या वर्गांत येणाऱ्या अनेकांपाशी असा कागद नसतो. चर्चेत मर्मावर बोट ठेवणारा आणि उत्तरपत्रिकेत दोन पानांवर थांबणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला आपण 'आळशी' म्हणतो, कारण तो शब्द हाताशी असतो. पुढच्या खेपेस उत्तरपत्रिका बाजूला ठेवून त्याला ते उत्तर तोंडी सांगायला लावावे आणि आपण ते लिहून घ्यावे, एवढीच आमची सूचना आहे. वेळ फारसा लागत नाही.