अब्बांची काठी आणि हवेचा खांब

अकोल्याच्या घरी अब्बांनी अंगणात हातभर उंचीची एक काठी रोवली होती. मशिदीत छापील वेळापत्रक आलं तरी जुहर आणि असरच्या आधी ते सावली बघायचेच. मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सावली काठीच्या बुडाशीच विरून जायची. आम्ही भावंडं ती शोधायला अनवाणी धावायचो आणि पाय भाजून घ्यायचो.

परवा धाकट्या भावाचा अमरावतीला फोन आला. शेत तोच करतो. कुणीतरी कार्बन क्रेडिटचा अर्ज घेऊन आलं होतं. "भाईजान, आपल्या सहा एकर कपाशीनं हवेतून किती कार्बन ओढला, हे कुणाला मोजता येतं का?"

मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे उत्तर देणं आलंच.

बाटलीत हवा भरून मोजतात. गोव्यात काब द रामच्या किनाऱ्यावर १९९३ ते २००२ अशा बाटल्या भरल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. पुण्याच्या आयआयटीएमनंही सिंहगडावर असं काम केलं. पण बाटलीत येते ती जमिनीलगतची हवा. डोक्यावरचा हवेचा अख्खा खांब मोजायचा, तर उन्हालाच विचारावं लागतं. कार्बन डायऑक्साइड उन्हातले डोळ्यांना न दिसणारे ठरावीक अवरक्त रंग गिळतो. यंत्र सूर्याकडे रोखून धरायचं, ते रंग किती कमी झाले ते बघायचं. अशा स्थानकांचं जागतिक जाळं २००४ मध्ये अमेरिकेतल्या पार्क फॉल्सपासून सुरू झालं.

इथे मला काठी आठवली. सूर्य कलला की ऊन तिरपं येतं आणि जास्त हवेतून येतं. मेअखेरीस आमच्या हनफी असरला सावली काठीच्या दुप्पट होते. तेव्हा उन्हाची वाट दुपारच्या जवळपास सव्वादोन पट असते! मग वायू वाढला की वाट लांबली, हे कसं कळणार? त्यासाठी त्याच उन्हातून ऑक्सिजनही मोजतात. हवेत त्याचा वाटा सुमारे २१ टक्के, जवळजवळ न हलणारा. त्यानं भागलं की तिरपेपणाचा हिशेब मिटतो. ही युक्ती मला फार आवडते.

पण भावाला सांगायला आनंदाची बातमी नव्हती. या खांबातली हवा वाऱ्यानं दुरून आलेली असते, तिच्यात सहा एकर वेगळे दिसत नाहीत. शिवाय आमची कपाशी, तूर, सोयाबीन जोरात वाढतात ती पावसाळ्यात, आणि ढग आले की हे यंत्र आंधळं. ऊन जमिनीवरून परत येताना टिपणारे उपग्रहही तसेच. गोव्याच्या बाटल्यांत तेव्हा समुद्रावरची हवा भरायची, जमिनीवरचा वारा हिवाळ्यात. म्हणजे वऱ्हाड सगळ्यात जास्त श्वास घेतं, नेमकी तीच पानं वहीत विरळ. पुढे पऱ्हाटी जाळली की घेतलेल्यातलं बरंच हवेत परत.

"मग अर्जात आकडा कुठून आला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, सही करण्याआधी त्यांनाच विचार, कुठे मोजलं आणि कोणत्या महिन्यात.

ढगाळ दिवशी अब्बा काठीकडे फिरकायचेही नाहीत. शेजारच्या चाचांना घड्याळ विचारायचे, आणि चाचांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं.