पोळ्याच्या आदल्या दिवशीचा जन्म

मांडवगण फराटा, ता. शिरूर

चि. सोनीस,


तुझ्या परीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिला. हातात पृथ्वीचा गोल धरून मेणबत्तीभोवती चार चकरा मारल्या पोरीने, वर्षाला एक. तुझ्या आईने ‘केक कुठाय?’ म्हणून विचारलं, ते सोड. मला मात्र माझी अंगणवाडी आठवली आणि जुन्या वहीच्या पानाचा फोटो तुला पाठवला. त्यावर तुझा प्रश्न आला: पोरांच्या नावापुढे तारखेच्या जागी ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘गळीत सुरू झालं तेव्हा’ असं का लिहिलंय?

अगं, ते जन्मदिवसच आहेत.

दिवाळी उरकली की बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या, मळ्यात कोप्या पडायच्या. आईबाप पहाटेच फडात, मग लहानगी आमच्याकडे. नाव लिहिताना जन्मतारीख विचारली की आई म्हणायची, “आसंल दीड-दोन वर्साचं.” यावर माझं भागत नसे. मुलाला झोळीत घालून काट्याला टांगायचं आणि त्याचं वजन तक्त्यावर वयाच्या महिन्यासमोर मांडायचं. दीड वर्षाच्या मुलग्याचं वजन ८.८ किलोच्या खाली गेलं तर ते कमी. तोच दोन वर्षांचा असेल तर रेघ ९.७ वर. म्हणजे ९.२ किलोचं पोरगं दीड वर्षाचं असलं तर ठीक, दोन वर्षांचं असलं तर कमी वजनाचं. त्याला जादा आहार द्यायचा की नाही, हे त्या ‘दीड-दोन’मध्ये अडकलेलं.

मग मी खोदून खोदून विचारायची. पाऊस होता का? नागपंचमीला पोटुशी होतीस की पोर मांडीवर होतं? गौरी बसल्या होत्या की उठल्या होत्या? बायकांना तारीख सांगता येत नसे, पण सण अचूक. “पोळ्याला बैल रंगवायचे होते, आन् आदल्या राती माझं पोट दुखाया लागलं,” असं एकीने सांगितलं, ते त्या पानावर तसंच उतरवलंय. मग त्या सालचं कालनिर्णय काढायचं. ते त्याच सालचं लागतं, कारण अधिक महिना आला की सण अठरा-वीस दिवस पुढे सरकतो. म्हणून माझ्या भिंतीवर जुनी कॅलेंडरं एकावर एक लटकलेली असायची. सुपरवायझर बाईंना तो पसारा वाटायचा. तिथी सापडली की शेजारी तारीख लिहायची. पेनचा रंग वेगळा दिसतोय ना, तीच ती.

तारीख मिळाली की वाढदिवस आलाच. पाटावर बसवून ओवाळायचं, हातावर गूळ-शेंगदाणे, सगळ्यांच्या टाळ्या. पण फेब्रुवारी-मार्चनंतर टोळ्या परतीला लागायच्या. श्रावण-भादव्यात जन्मलेलं पोर वाढदिवसाला आमच्या गावात कधीच नसायचं. अशा पोरांचं काय करायचं? संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाण असतंच, त्यातच त्या सगळ्यांना बसवायचं. बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे असं सगळं डोक्यावरून ओतायचं. हलव्याचे दागिने एकच जोड, तो आळीपाळीने सगळ्यांच्या गळ्यात. ज्यांचे आईबाप दिवसभर ऊसच तोडतात, ती पोरं करव्यांकडे ढुंकूनही बघत नसत, बोरांवर मात्र तुटून पडायची. तुमच्या जर्मनीत आगाऊ शुभेच्छा म्हणजे अपशकुन. आम्ही तर सात-सात महिने आधी ओवाळून मोकळे!

परीच्या चकरा मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीतल्या, असं तू लिहिलंस. तसं पाहिलं तर आपली अंगणवाडीही त्याच घरची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. या अनुताई आपल्याच जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. पुढे १९५७ पासून कोसबाडला त्यांनी वारली पाड्यांवर शाळा नेली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, पानं, बिया, शिंपले घेतले. सरकारची योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, पण आम्हाला प्रशिक्षणात अनुताईंचंच नाव आधी ऐकवलं गेलं, आणि ते मला रास्त वाटतं.

आता मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर आहे, तारीख टाकली की वय आपोआप येतं. गावातले पालक केक आणतात. आणू देत, पण तो पोराच्या तोंडाला फासतात ते मला अजिबात पटत नाही.

आणि नानांचा वाढदिवस १ जूनचा का, हेही विचारलंस. त्यांच्या मास्तरांनी पंचांग उघडलं नाही म्हणून! शाळेत घालताना साल अंदाजाने आणि तारीख १ जून, त्यांच्या वर्गातले निम्मे त्याच दिवशी जन्मले. आजी सांगायची, नाना आषाढीच्या दुसऱ्या दिवशीचे. तू फोन मात्र १ जूनलाच कर. ‘ती तारीख खोटी आहे’ असं स्वतःच म्हणतात, आणि फोन आला नाही तर दोन दिवस फुगून बसतात.

तुझी,
आत्या